भिकाजीचे दोन मुलगे

फोन वाजला तेव्हा मी एका माणसाला ‘नाही’ म्हणत होते. कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये सव्वीस वर्षं मी बहुतेक हेच काम केलं आहे. माणसं येतात, आजोबांच्या जातीचा पुरावा मागतात, कोतवाल बुकातल्या जन्माच्या नोंदीची नक्कल मागतात. त्यांना हवं ते साल आमच्या बुकांच्या आधीचं असतं, आणि मी लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्याकडे हात करून सांगते, भाऊ, याच्या मागं काही नाही. म्हणताना वाईट वाटायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली. तर त्या दिवशीही तसंच म्हणून झालं आणि मी फोन उचलला. पलीकडे एक म्हातारा, अगदी सावकाश हिंदी बोलणारा. “बहनजी, मैं मोतीराम, पोर्ट ब्लेअर से. रिटायर्ड मास्टर हूँ.” परदादाचं गाव शोधतोय म्हणाला. मी सवयीने सांगून टाकलं की साध्या कागदावर अर्ज करा, कोर्ट फीचं तिकीट लावा, ओळखपत्राची प्रत जोडा. तो हसला, “वो तो करेंगे,” म्हणाला, आणि कागदावरून वाचत असल्यासारखं वाचून दाखवू लागला. दयाराम वल्द भिकाजी. कौम महार. मौजा शेलपांगरा, परगणा मेहकर. दफा तीनशे दोन. सन अठराशे त्र्याहत्तर.

समोरचा माणूस अजून उभाच होता. मी त्याला हाताने बसा म्हटलं, आणि तोही बिचारा बसला. शेलपांगरा माझं माहेर. आणि भिकाजी म्हणजे आमच्या वंशावळीतलं सगळ्यात वरचं नाव, ज्याच्या डोक्यावर मग कोणी नाही, नुसता कागद. माझ्या भाच्याच्या, संघर्षच्या जात पडताळणीसाठी वंशावळ जोडायची होती, तेव्हा त्याच्या बापाने, माझ्या भावाने प्रसेनजितने, मलाच ती काढायला लावली. घरात रेकॉर्डवाली बाई असताना बाहेर कशाला जायचं! मी पट्टीने रेघा मारल्या. भिकाजी. त्याखाली दोन फांद्या: उकंडा आणि दयाराम. उकंडाच्या खाली पान भरून माणसं, शेवटी आम्ही, आमची मुलं. दयारामच्या खाली मी लिहिलं, ‘निपुत्रिक मयत’. मला काय माहीत होतं त्याच्याबद्दल? जुन्या वतनाच्या कागदात नाव होतं, एवढंच. पण आमच्यात रीतच आहे ही. ज्याचं पुढं काय झालं कळत नाही त्याला निपुत्रिक लिहून मोकळं व्हायचं, नाहीतर तपासणारा विचारतो, याचे वारस कुठं आहेत, त्यांचे दाखले आणा. मी स्वतः शेकडो लोकांना तसं लिहायला सुचवलं आहे. स्टॅम्प पेपरवर, शपथेवर. “आप लोग कितने हैं?” मी त्याला विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून. त्याने मनातल्या मनात मोजलं असावं. “तैंतालीस,” तो म्हणाला, “और एक आने वाला है, कार्तिक में.”

मग त्याला जे विचारायचं होतं ते त्याने विचारलं. त्यांच्या बेटावर कोणी कोणाला विचारत नाही, म्हणाला. सगळ्यांचेच पणजे काहीतरी करून आलेले. गळ्यात लाकडी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर आणि कलम. दहा-बारा वर्षं लाकडं तोडली, दलदल भरली की जमिनीचा तुकडा मिळायचा, तिथल्याच कैदी बाईशी लग्न लागायचं. तिची जात वेगळी, बोली वेगळी. “हम सब ऐसे ही बने हैं.” त्यात लाज नव्हती, तक्रारही नव्हती. पण त्याचं वय आता एकाहत्तर. आणि मास्तरकी केलेल्या माणसाला एक खोड असते, म्हणाला, गोष्ट अर्धी सोडवत नाही. “इतना ही जानना है बहनजी, वो आदमी कैसा था. उसने सच में मारा था क्या?” मी म्हटलं, शोधून सांगते. फोन ठेवला आणि समोरच्या माणसाला पुन्हा म्हटलं, याच्या मागं काही नाही. या वेळी म्हणताना मला माझाच आवाज नकोसा झाला.

त्या संध्याकाळी घरी भाजी चिरताना मी सारखी हाताकडे बघत होते. हाच हात. किती सहज लिहिलं! एक माणूस समुद्रापलीकडे घर बांधतो, बायको करतो, त्याच्या पोरांना पोरं होतात, आणि इकडे त्याच्या भावाच्या खापरपणतीने एका दुपारी चहाच्या आधी त्याचा वंश बुडवला. नागसेनना, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर ते आधी खूष झाले. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यांना यात लेख दिसला. “म्हणजे तुह्या घरचा एक काळ्या पाण्यावर होता! आन एक शिवेवर.” शिवेवरचा म्हणजे उकंडाजी, आमचा खापरपणजोबा. त्याचं नाव गावात अजून आहे. वडिलांनी समाजमंदिराच्या खोलीत वाचनालय काढलं त्याला उकंडाजींचं नाव दिलं, आणि दर चौदा एप्रिलला कोणीतरी उठून सांगतोच की सर्व्हेचे साहेब आले तेव्हा शेजारच्या गावाने आपली शीव दाबली होती. गावची माती डोक्यावर घेऊन उकंडाजी अनवाणी शीव चालला, एकेक धोंडा दाखवत गेला, आणि पाटलासकट सगळा गाव एका महाराच्या मागं चालला. माती डोक्यावर असताना खोटं पाऊल टाकलं तर वंश राहत नाही, अशी तेव्हाची समजूत. त्याचा वंश राहिला, वाढला. लहानपणी हे ऐकताना माझी छाती भरून यायची. आजही येते, मी काही खोटं सांगणार नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला गावाची कड सगळ्यात जास्त ठाऊक, हे वडील खास आवाजात म्हणायचे. त्या आवाजावरच मी शिकले, नोकरीला लागले, कुणापुढे मान खाली न घालता सव्वीस वर्षं काढली. मग त्याचा भाऊ खुनी निघाला तर निघाला, मी स्वतःला समजावलं, घरोघरी मातीच्या चुली. पण मनात काहीतरी खुपत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं. वडील उकंडाजींच्या भावाविषयी कधी एक शब्द बोलले नव्हते. आणि बोलण्याच्या बाबतीत ते कंजूष मुळीच नव्हते.

बोलेल असं माणूस एकच उरलं होतं. केसरआत्या, वडिलांची धाकटी बहीण, ब्याऐंशी वर्षांची, लोणारला लेकाकडे असते. रविवारी एसटीने गेले. पाऊण तासाचा रस्ता, सोयाबीन पिवळं पडत आलेलं. खिडकीशी बसून मी आत्याला काय विचारायचं ते मनात घोळवत होते, आणि मध्येच मला तिची चुलीपुढची पाठ दिसली. मी सात-आठ वर्षांची असेन, भाद्रपदात शेजारच्या आळीत पितरं चालली होती, वड्याचा वास येत होता, आणि मी हट्ट धरला होता की आपल्याकडे का नाही. आत्या माहेरपणाला आलेली. तिने मला मारलं नाही, पण मनगट असं धरलं की वळ उठले. “आपण शब्द देल्ला बाबासायबाले,” ती म्हणाली. मग चुलीपुढे बसली ती बराच वेळ, पाठ करून. मी त्या पाठीला भ्यायले होते. छप्पनला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आजोबांच्या खांद्यावर पडशी, हिचा हात त्यांच्या हातात, असे दोघं गेले होते. आल्यावर आजोबांनी देव्हारा नदीत सोडला, पितरं बंद केली. बरं केलं, हे मी मनापासून मानते. मेलेल्यांना जेवू घालत बसलो असतो तर जित्यांना पाटी-पेन्सिल कोण देणार होतं? पण त्या पाठीत काय होतं ते मला बसमध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी, पहिल्यांदा विचारावंसं वाटलं.

आत्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला पाहून खूष झाली, वाळली म्हणाली, संघर्षचं लग्न कधी म्हणाली. मी शेंगा फोडायला बसले आणि म्हटलं, “आत्या, भिकाजीच्या दोन पोरांचं काय झालतं वं?” तिची बोटं थांबली नाहीत. “काऊन? आज मधातच?” मी फोनचं सांगितलं. दयारामचं नाव घेतलं तशी तिने शेंग तशीच सुपात टाकली. “मले नको इचारू,” ती म्हणाली. “ते नाव पितराच्या दिवशीच निंगत होतं घरात. बाकी सालभर कोणी घेत नोतं. आता नाव घेतलं का ते पितर घालणंच होते. बापानं माह्या हातावर हात ठेवून सोडवलं मले त्याच्यातून. मरायच्या वख्ती काय मोडू?” वाद घालण्यासारखं नव्हतं ते. ज्या घरात एक नाव फक्त मेलेल्यांच्या पानावरच वाढलं जात होतं, त्या घराने पान बंद केलं आणि नावही त्याच्याबरोबर गेलं. कोणाचा दोष होता यात? मी तिला फोनमधला फोटो दाखवला, मोतीरामने पाठवलेला. नारळीखाली पत्र्याच्या घरासमोर दाटीवाटीने उभी माणसं, बाया, कडेवरची पोरं, पुढे खुर्चीत चष्मेवाला म्हातारा. आत्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. नातवाला हाक मारून चष्मा मागवला आणि एकेक तोंड बघत गेली, बोटाने ढकलत, जशी सुपातले खडे बघते. “ह्या बुढ्याचं कपाळ तं दादासारखंच हाये,” ती म्हणाली. दादा म्हणजे माझे वडील. “हे तं सारे जिते हायेत वं मंजू.” मी म्हटलं हाव. “मंग जित्याचं कायचं आलं पितर,” ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून सांगायला लागली.

पितरात आमच्याकडे दोन पानं मांडत, हे तिने सांगितलं. एक दयारामचं, एक उकंडाचं. मांडायचा तिचा आजा, उकंडाजींचा मुलगा, तेव्हा ऐंशीला टेकलेला. मोठं पान आधी मांडायचा, म्हणायचा, हे माह्या बापाचं, दयारामचं. मग धाकटं, हे काकाचं, उकंड्याचं. हिने लहानपणी टोकलं, “आजा, उलटं बोललास, तुहा बाप तं उकंडा.” तेव्हा त्याने हिला मांडीवर घेतलं. “तो म्हने, केसर, गावासाठी माहा बाप उकंडा. या पानापुरता दयाराम.” मला क्षणभर कळलंच नाही. आत्याने मग शेंगांचा एक ढीग इकडे, एक तिकडे केला आणि दाखवलं. हा मोठा भाऊ, दयाराम, बायको, दोन लेकरं, बापानं दाखवलेली गावची सारी शीव डोक्यात. हा धाकटा, उकंडा, एकोणीस वर्षांचा, बिनलग्नाचा. सर्व्हे यायच्या आधी एका तिन्हीसांजेला शेजारच्या गावचा एक माणूस शिवेचा धोंडा सरकवताना दयारामला सापडला. दयारामने काठी घातली, ती वर्मी लागली. फौजदार आला तो दयारामचं नाव घेऊनच. ओळख पटवायची पाटलाने. “पाटलानं इचार केला. दयाराम गेला तं शीव कोन दाखवन? दोनशे एकर जाते. त्यानं उकंड्यावर बोट ठेवलं. हाच दयाराम म्हने. आन सारा गाव म्हने, हाव, हाच.” “आणि उकंडा?” “तो उठला म्हने सोताच. म्हने, मी दयाराम.” तिने दोन्ही ढीग पुन्हा एक केले. “तवापासून माह्या पणज्याले सारे उकंडा म्हनत. बायको बी. मरेपर्यंत. आजा सांगे, हाक मारली का पहिल्या हाकेले तो कधीच ओ देत नसे.”

परतीच्या बसमध्ये मी उभी होते की बसले होते मला आठवत नाही. माती डोक्यावर घेऊन तो चालला तेव्हा शीव खरी होती, प्रत्येक धोंडा खरा होता, फक्त चालणारा खोटा होता. अडतीस वर्षं धाकट्या भावाच्या नावाने त्याला बायकोने जेवायला हाक मारली. त्याला कसं वाटलं असेल याचा विचार करू पाहिला आणि मला दया आली, मग दयेचा राग आला. जो तिकडे कमरेएवढ्या दलदलीत उभा होता त्याला थोरल्याच्या नावाने हाका पडत होत्या, आणि वर नंबर. ‘तो उठला म्हने सोताच.’ हे म्हणणारं कोण? जे राहिले ते. गेलेल्याची साक्ष कोणी काढली? एकोणीस वर्षांचा पोरगा, पाटलाचं बोट आपल्यावर आलेलं, सगळा गाव हो म्हणतोय, थोरला भाऊ खाली बघतोय. त्याने दुसरं काय म्हणायचं होतं? मेहकरच्या स्टँडवर उतरले तरी तेच चाललं होतं डोक्यात. आमचं शिवेवरचं वावर, ज्याच्या ज्वारीवर वडील शिकले, ते वाचनालय, तो चौदा एप्रिलचा खास आवाज. सगळ्याखाली एक पोरगा उभा आहे आणि आम्ही त्याला निपुत्रिक म्हटलं. मला माझ्या माणसांची लाज वाटली. अशी लाज मला दुसऱ्यांमुळे पुष्कळदा वाटली होती, घरच्यांमुळे कधीच नाही, आणि ती कुठे ठेवायची हे ठाऊक नव्हतं.

नागसेन सगळं ऐकून या वेळी खूष झाले नाहीत. “झाकली मूठ सव्वा लाखाची, मंजू. कायले उघडतं? त्याले सांग, कागद सापडला नाही. तुह्या तोंडाले सवय हाये.” मी चमकून पाहिलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, ते काळजीनेच म्हणत होते. प्रसेनजित गावात राहतो, त्याचं काय? आपली माणसं किती कष्टाने एकेक उजळ नाव उभं करतात, ते आपणच पाडायचं? आणि कोणासाठी, तर हजार मैलांवरच्या एका म्हाताऱ्यासाठी, ज्याला मुळात काही बोचत नाही. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. चार दिवस मी रेकॉर्ड रूममध्ये बसून ते वाक्य पाठ केलं, कागद नहीं मिला. बोलून बघितलं तर जमत होतं, अगदी गुळगुळीत जमत होतं. आणि तेवढ्यासाठीच मला ते म्हणवेना. त्या माणसाने मालमत्ता मागितली नव्हती, माफी मागितली नव्हती. तो कसा होता, एवढंच विचारलं होतं. दीडशे वर्षांत हा प्रश्न त्याच्याविषयी कोणी विचारला असेल असं मला वाटेना. आम्ही तर नाहीच.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी फोन लावला. पलीकडे लहान मुलांचा गलका होता, मोतीरामने कोणाला तरी दार लावायला सांगितलं. माझं हिंदी कचेरीपुरतं, त्यात मी तुटक तुटक सगळं सांगितलं. धोंडा, काठी, पाटलाचं बोट. मारणारा माझा खापरपणजा, तुमचा परदादा नव्हे. तुमच्या परदादाचं नाव उकंडा. एकोणीस वर्षांचा होता. स्वतः उठला म्हणतात, पण हे म्हणणारे आमच्या बाजूचे आहेत, तेव्हा मला माहीत नाही. त्याने कोणाला मारलं नव्हतं. एवढं म्हणाले आणि मला चांगलं रडूच आलं, रेकॉर्ड रूमच्या त्या खुर्चीत, चोपन्न वर्षांच्या बाईला. मग त्याने हळूच ते नाव म्हणून पाहिलं, एकदा, दोनदा, नीट उच्चार करून, मास्तर हजेरी घेताना नवीन पोराचं घेतो तसं. “माफ करा,” मी म्हटलं, “आमचा माणूस खुनी होता. इतकी वर्षं तुम्ही उगाच...”

“बहनजी, रोइए मत,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग शोधत होते, तो नव्हताच. होती ती काळजी, आणि तीही माझी. “हम तो डेढ़ सौ साल से ख़ूनी की औलाद हैं. मैं आपको बताता हूँ. पहले कुछ दिन भारी जाते हैं. फिर आदमी बाज़ार जाता है, बच्चों को स्कूल छोड़ता है. आदत हो जाती है. आप लोगों का अभी नया-नया है. कुछ तकलीफ़ हो तो फ़ोन कर लेना.”